फॉर्म, धूर आणि ओलं सरपण

मंडळी, आपल्या जळगाव-धुळ्याकडे पैजा लागतात त्या क्रिकेटवर. पण मला जो तर्कदोष दाखवायचाय, तो बेसबॉलमध्ये जास्त स्वच्छ दिसतो. तिथे सामना सुरू करणारा पिचर साधारण पाच-सहा दिवसांतून एकदाच उतरतो. म्हणजे संघाने ओळीने चार सामने जिंकले, ते बहुधा चार वेगळ्या पिचरांसह. आज पाचवा आहे. मग "संघ फॉर्मात आहे" यावरून आजचं कितीसं कळलं?

न्यायदर्शनात याला उपाधी म्हणतात. "जिथे आग तिथे धूर" हे सरसकट खरं नाही. सरपण ओलं असेल तरच धूर निघतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. आजचा पिचर कोण, ही फॉर्मची उपाधी.

पण एकट्या पिचरवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही खूश होऊ नये. फेब्रुवारी १९९९मध्ये दिल्लीत अनिल कुंबळेंनी पाकिस्तानचे एका डावात दहाच्या दहा गडी टिपले. त्याच्या आदल्याच कसोटीत, चेन्नईला, आपण १२ धावांनी हरलो. तेव्हाही कुंबळे संघात होतेच ना!

आणि हे सगळं भाव काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते भावात आधीच धरलेलं असतं. आपण तीच बातमी पुन्हा मोजतो आणि तिला अभ्यास म्हणतो. २०२५च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. तर्कदोषावर येत नाही. कापसाचे पैसे हाती आल्यावर "मला खेळ कळतो" म्हणणाऱ्या पोराला एवढंच विचारा: भाव काढणाऱ्याला कळलेलं नाही, असं तुला काय कळलंय?