‘आर्क्टिक होम’ आणि अस्थींची साक्ष

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झाला. वेदांतील प्रदीर्घ उषेवरून त्यांनी आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशी नेले. अपौरुषेय मानलेल्या वेदांना इतिहासापुढे साक्षीस उभे करण्याचे धाडस काशीवासी वाचकास विशेष जाणवते.

आता अस्थीही बोलू लागल्या आहेत. राखीगढीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा जनुकीय अंश नाही, असे २०१९ साली आढळले. आजच्या अनेक भारतीयांत तो आहे. म्हणजे हे लोक मागाहून उत्तरेकडून आले खरे, पण ध्रुवावरून नव्हे. आणि सर्वच मानवांचे मूळ तर आफ्रिकेत!

टिळकांचा निष्कर्ष टिकत नाही. पुरावा शोधण्याची वृत्ती टिकते. ज्यांनी वेदांची साक्ष काढली, त्यांच्या भक्तांनी अस्थींची साक्ष नाकारू नये.