झील धरणाऱ्या दोघी

'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणं पावलांच्या आवाजाने सुरू होतं. लाकडी फळ्यांवर बुटांचे ठोके पडतात, सरळ, एका लयीत. पियानो, बास हे सगळे अजून यायचे आहेत. त्या ठोक्यांवरच डायना रॉसचा आवाज उतरतो आणि लगोलग मागून फ्लोरेन्स बॅलार्ड आणि मेरी विल्सन यांची झील येते. 'द सुप्रीम्स' या तीन मुलींच्या गटाचं हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं पहिलं गाणं. जून १९६४ मध्ये ते बाजारात आलं आणि ऑगस्टमध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या शिखरावर जाऊन बसलं.

गाणं अडीच मिनिटांच्या आसपासचं आहे आणि चाल तर अगदी साधी. या साधेपणाखाली पाच वर्षांची उमेदवारी आहे. ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते मागच्या दोघींच्या गाण्यात, आणि हे रसग्रहण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गटाची सुरुवात १९५९ सालची, डेट्रॉइटमधली. दक्षिणेतून कामधंद्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी या मोटारींच्या शहरात संसार मांडले होते. ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत अशीच कुटुंबं राहत, आणि या तिघीही तिथल्याच. मिल्टन जेन्किन्स 'द प्राइम्स' नावाच्या मुलग्यांच्या गटाचं काम पाहत आणि त्यांना जोडीला मुलींचा एक गट हवा होता. त्यांना आधी सापडली फ्लोरेन्स. भरदार, मोकळ्या गळ्याची ही मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. तिने मेरीला बोलावलं. डायना आणि बेटी मॅकग्लोन आल्या आणि 'द प्राइमेट्स' हा गट तयार झाला. प्राइम्समधले एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स पुढे 'टेम्प्टेशन्स' या गटातून नावारूपाला आले.

त्याच वर्षी बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली होती. तिचंच पुढे मोटाऊन झालं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरात स्टुडिओ थाटला होता आणि दारावर पाटी होती 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. या मुली तिथे गाऊन दाखवायला गेल्या, तेव्हा गॉर्डींनी त्यांना आधी शाळा पुरी करा म्हणून परत पाठवलं. पण मुली हटल्या नाहीत. शाळा सुटली की त्या स्टुडिओत जाऊन बसत. कुणाच्या गाण्यात टाळ्या हव्या असतील तर टाळ्या देत, कुणाला मागे आवाज हवे असतील तर झील धरत. पुढे कोण गातंय, तो कुठे श्वास घेतोय, कुठे आपण जागा भरायची आणि कुठे गप्प राहायचं, हे त्या तिथे शिकल्या. गायनाच्या वर्गात हे शिक्षण मिळालं नसतं.

जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. गॉर्डींना नवं नाव हवं होतं. यादीतून 'सुप्रीम्स' हे नाव निवडलं फ्लोरेन्सने. बेटीच्या जागी बार्बरा मार्टिन आली होती, ती १९६२ मध्ये गट सोडून गेली आणि गट तिघींचा झाला. त्यांची गाणी एकामागून एक निघत आणि विरून जात. त्याच कंपनीतल्या 'मार्व्हलेट्स'चं 'प्लीज मिस्टर पोस्टमन' १९६१ मध्येच देशभर गाजलं होतं. सुप्रीम्सना मात्र स्टुडिओतले लोक 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणू लागले.

'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे मुळात त्या मार्व्हलेट्ससाठीच होतं. ब्रायन हॉलंड, एडी हॉलंड आणि लॅमाँट डोझिअर या त्रयीने ते रचलं, पण मार्व्हलेट्सनी नाकारलं. मग ते सुप्रीम्सकडे आलं आणि त्यांनाही ते आवडलं नाही. फारच बाळबोध आहे, अशी मेरीची तक्रार होती. एप्रिल १९६४ मध्ये नाराजीतच ते ध्वनिमुद्रित झालं.

या नाराजीतून दोन फार सुंदर गोष्टी घडल्या. पहिली डायनाच्या स्वराची. गाण्याची पट्टी मार्व्हलेट्सच्या ग्लॅडिस हॉर्टनच्या गळ्याला धरून ठरलेली, म्हणजे डायनाला खालची. तोवर ती उंच, जराशा अनुनासिक स्वरात गात असे. इथे तिला खाली उतरावं लागलं, आणि खाली आल्यावर आवाजात एक जवळीक आली. सोडून निघालेल्या प्रियकराची विनवणी करताना ती टाहो फोडत नाही, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तशी गाते. शब्द दुःखाचे आहेत, पण स्वर पडलेला नाही. मान राखून केलेली विनवणी आहे ही.

दुसरी गोष्ट झिलीची. मागच्या आवाजांसाठी डोझिअर यांनी आधी गुंतागुंतीची रचना योजली होती, पण मुलींच्या कुरबुरीपुढे त्यांनी ती सोडून दिली आणि एकच लाडाचं संबोधन पुन्हा पुन्हा गायला सांगितलं. कागदावर हे हलकं काम दिसतं. ऐकताना त्याचं वजन कळतं. डायनाची ओळ संपते आणि तिच्या शेवटच्या स्वराला हात लावून मागच्या दोघी ते संबोधन सोडतात. कधी ते प्रतिध्वनी वाटतं, कधी मैत्रिणींनी दिलेली साथ, तर कधी नायिकेच्याच मनातलं, ओठांवर न आलेलं बोलणं. शब्द तेच राहतात. डायना त्याआधी काय म्हणाली यावरून त्यांचा भाव बदलतो. पहिल्यांदा त्यात आर्जव आहे. गाणं पुढे गेल्यावर त्याच शब्दांत थकवा ऐकू येतो.

रचनेकडे पाहिलं की झिलीचं महत्त्व आणखी पटतं. या गाण्यात मुखडा वेगळा, अंतरा वेगळा असं काही नाही. आठ मात्रागटांची एकच चाल फिरून फिरून येते. वर झेप घेणारा अंतरा नाही, भव्य शेवटही नाही. बुटांचे ठोके सुरुवातीपासून अखेरपर्यंत तसेच पडत राहतात. ते माइक व्हॅल्व्हॅनो यांनी फळ्यांवर पाय आपटून दिले आहेत. मध्येच माइक टेरी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन खर्जातून चार शब्द बोलून जातो आणि चाल पुन्हा आपल्या वाटेला लागते. इतक्या सपाट जमिनीवर गाणं कंटाळवाणं होण्याचा धोका होता. मागच्या दोघींची वेळ साधण्याची हुशारी तो टाळते. ठोका अजिबात हलत नाही, आणि त्या मात्र त्याच्यावर अलगद, किंचित झुलत्या उतरतात. टाळ्या देत काढलेली ती संध्याकाळची वर्षं इथे कामी आली आहेत.

चालीचा हा न संपणारा फेरा अर्थालाही पोषक आहे. प्रेम कुठे हरवलं, असा गाण्याचा प्रश्न आहे आणि ज्याला विचारलाय तो उत्तर देत नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याशिवाय नायिकेकडे दुसरं काही नाही. म्हणून गाणं कुठल्या समेवर येऊन थांबत नाही, आवाज हळूहळू लहान होत जातो आणि प्रश्न चालूच राहतो.

त्या उन्हाळ्यात तिघी डिक क्लार्क यांच्या 'कॅरव्हॅन ऑफ स्टार्स' या फिरत्या कार्यक्रमात होत्या. निघताना त्यांचं नाव यादीच्या तळाशी होतं. गाणं वर चढत गेलं तसं नावही वर गेलं. त्यानंतरची त्यांची चार गाणीही ओळीने पहिल्या क्रमांकावर पोहोचली. डिसेंबरात त्या एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून अमेरिकेच्या घराघरांत दिसल्या. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला तेही हेच वर्ष. डेट्रॉइटच्या वसाहतीतल्या तीन कृष्णवर्णीय मुली तेव्हा साऱ्या देशाच्या आवडत्या झाल्या होत्या.

१९६७ मध्ये गटाचं नाव 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सला बाहेर पडावं लागलं. १९७६ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी तिचं निधन झालं. हे ठाऊक असलं की गाणं ऐकताना मन हळहळतं. तरी केवळ त्या हळहळीतून ते ऐकलं तर फ्लोरेन्सच्या कामावर अन्याय होईल. एकदा डायनाच्या आवाजावरचं लक्ष काढून फक्त मागे ऐकावं. जिने हा गट जमवला आणि त्याचं नाव निवडलं, तिच्या वाट्याला इथे एक संबोधन आलं आहे. मेरीच्या जोडीने तिने तेवढ्यातून या गाण्याचं दुसरं पात्र उभं केलं आहे.