सल्ल्याच्या खोलीत कोण होते?

नेता काय बोलला याची नोंद इतिहास ठेवतो. त्याच्या कानाशी कोण बोलले, याची नोंद बहुधा फायलींतच पडून राहते. जयराम रमेश यांच्या 'इंटरट्वाइन्ड लाइव्ह्ज' (२०१८) या इंग्रजी ग्रंथाचे मोल मला वाटते ते यासाठी. इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांच्या कागदपत्रांवर आधारलेला हा ग्रंथ वाचकाला थेट त्या कानाजवळ नेऊन बसवतो. आमच्या अभ्यासवर्गात त्यावर बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या खोलीत आपले कोण होते?" हा लेख म्हणजे त्याला तेव्हा देता न आलेले उत्तर आहे.

हक्सर १९६७ मध्ये पंतप्रधानांचे सचिव झाले आणि जानेवारी १९७३ मध्ये त्या पदावरून गेले. बँकांचे राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, सोव्हिएत करार, बांगलादेश या साऱ्यांवर त्यांच्या लेखणीची छाया आहे. त्यांच्याबरोबर टी. एन. कौल परराष्ट्र सचिव होते, डी. पी. धर परराष्ट्र धोरणात होते, पी. एन. धर अर्थतज्ज्ञ म्हणून आले आणि पुढे सचिव झाले, रामनाथ काव हेरखाते सांभाळत होते. पाचही जण काश्मिरी पंडित. ते कर्तबगार होते, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. हक्सर तर डाव्या विचारांचे, धर्मनिरपेक्ष. माझा आक्षेप त्यांच्या जन्मावर नाही. ज्याने गावकुसाबाहेरचे पाणी कधी प्यायले नाही, त्याच्या टिपणात ती तहान कशी उतरणार, एवढेच मी विचारतो.

१९६९ सालचे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले आणि १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. इच्छा असली की दिल्लीला तीन दिवस पुरतात. त्याच वर्षी जानेवारीत, १९६५ मध्ये नेमलेल्या एल. इळयापेरुमाळ समितीने अस्पृश्यतेवरचा अहवाल सरकारला दिला. त्याच्या महिनाभर आधी, २५ डिसेंबर १९६८ ला, तंजावर जिल्ह्यातील किळवेनमणी येथे ४४ दलितांना जिवंत जाळले होते. त्यांत बहुतेक बायका-मुले. तरीही १९५५ चा अस्पृश्यता कायदा कडक व्हायला १९७६ साल उजाडले. एका कागदाला तीन दिवस, दुसऱ्याला सात वर्षे! या दिरंगाईचा संताप १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर होऊन रस्त्यावर आला. सल्ल्याच्या खोलीत ज्यांना जागा नसते, त्यांना रस्त्यावरूनच सल्ला द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, बाबू जगजीवनराम मंत्रिमंडळात नव्हते काय? होते, १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री तेच होते. पण मंत्रिपद आणि सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद सर्वांत आधी बाबासाहेबांनी दाखवला. १९५१ मध्ये राजीनामा देताना हिंदू कोड बिलाबरोबरच त्यांनी आणखी एक व्यथा मांडली होती. कोलंबिया व लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाला नियोजन खाते मिळाले नाही, आणि धोरण जेथे ठरते त्या मंत्रिमंडळ समित्यांतूनही वगळले गेले. तक्रार केल्यावर एका समितीत नाव आले. घटना लिहिण्यासाठी बोलावलेल्या माणसाला अर्थकारण ठरवताना दाराबाहेर उभे केले गेले! समारंभाला निमंत्रण आणि स्वयंपाकघराला बंदी, ही आपल्या ओळखीचीच रीत.

हक्सरांच्या चरित्रात आणखी एक धडा आहे. संजय गांधींच्या मोटार प्रकल्पाला त्यांनी विरोध केला आणि त्यांचे वजन घटले. आणीबाणीत त्यांच्या नातलगाच्या दुकानावर छापाही पडला. इतका जवळचा सल्लागारही मर्जीवरच उभा होता. म्हणून त्या खोलीत आपला एखादा माणूस बसला म्हणजे प्रश्न मिटला, असे मी मानत नाही. मर्जीने आलेला मर्जीनेच जातो, आणि जाईपर्यंत बहुधा गप्प बसतो. त्याच्या पाठीशी चळवळ हवी, आणि त्याने मांडलेला कागद किती दिवस पडून राहिला याचा हिशेब मागणारे लोक हवेत.

त्या विद्यार्थ्याला मी आता सांगेन: त्या खोलीत आपला कागद होता, आपला माणूस नव्हता. हक्सरांना चरित्रकार मिळाला, हे चांगलेच झाले. इळयापेरुमाळ अहवालाचे चरित्र मात्र तुलाच लिहावे लागेल.