टक्केवारीच्या आड

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात काय असेल, हे ते न उघडताही सांगता येते. ‘मुलींचीच बाजी’, ‘कोकण अव्वल’, ‘टक्का वाढला’ किंवा ‘टक्का घसरला’. लेकीला पेढा भरवणाऱ्या आईचे छायाचित्र. आणि आतल्या पानावर शंभर टक्के निकालाच्या शाळांची नामावली. वाङ्मयीन त्रैमासिकाने अशा मजकुराची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर सरळ आहे. कोणती शाळा चांगली, कोणती ‘पडली’, याविषयीचे आपल्या घराघरांतील मत याच मजकुरावर पोसले जाते. आणि वर्षभर ज्या शाळेकडे वृत्तपत्र ढुंकूनही पाहत नाही, तिचा न्यायनिवाडा ते या एका दिवसात उरकते.

या न्यायनिवाड्याचे माप किती डळमळीत आहे ते पाहू. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर आला. २०२० साली ९५.३० वर चढला. तीन वर्षांत शिक्षक बदलले नव्हते आणि मुलांची बुद्धीही बदलली नव्हती. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद झाले होते. पुढच्या वर्षी ते परत आले, शिवाय महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाला सरासरीने गुण मिळाले. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! कारणांचा उल्लेख बातमीच्या पोटात सापडतो, नाही असे नाही. परंतु मथळा ‘घसरण’ आणि ‘उसळी’ यांचाच होतो, आणि लोकांच्या ओठी मथळाच राहतो.

विभागांच्या तुलनेचेही तेच. मंडळाच्या कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात. आपली वसई भूगोलाने कोकणात असली, तरी निकालापुरती ती मुंबई विभागात मोडते. मुंबई विभागातून तीन लाखांहून अधिक मुले बसतात, कोकणातून त्यांच्या दशांशाच्या आसपास. या दोहोंची शर्यत लावून एकाला ‘अव्वल’ म्हणणे वाचायला सुखद आहे. त्यातून शाळेच्या वर्गात काय चालते ते मात्र कळत नाही.

तरीही आम्हांला सर्वाधिक खटकते ती शंभर टक्क्यांची नामावली. शंभरपैकी शंभर म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी शंभर. बसू न दिलेल्यांचे काय? दुबळ्या मुलाला नववीतच अडकवून ठेवायचे, किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवून त्याला खाजगी विद्यार्थी करायचे, ही युक्ती पालकांना ठाऊक नाही असे नाही. खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा मोजला जातो. शाळेची पाटी कोरी राहते. जी शाळा अशा मुलाला धरून ठेवते, संध्याकाळी जादा वर्ग घेते आणि अखेर ९२ टक्क्यांवर थांबते, तिचे नाव यादीत येत नाही. म्हणजे वृत्तपत्र नकळत कोणाच्या पाठीवर थाप मारते, याचा विचार व्हायला हवा.

ज्या पानावर ही वार्ता छापली जाते, त्याच पानावर खाजगी क्लासच्या जाहिरातीत तीच हसरी छायाचित्रे झळकतात. यशाचे श्रेय शाळेचे, क्लासचे की घराचे, असा प्रश्न बातमीदाराने विचारावा अशी सोयच त्या पानावर उरत नाही.

शाळांना जाब विचारू नये, असे आम्ही म्हणत नाही. अनुदान जनतेचे आणि मुले आपली. तेव्हा जाब विचारलाच पाहिजे. पण तो योग्य प्रश्नांनी. आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीला बसली? गणिताच्या शिक्षकाची जागा किती दिवस रिकामी होती? शिक्षकांना निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामावर किती दिवस पाठवले? पटसंख्या आणि शिक्षकसंख्या दरवर्षी यू-डायसच्या नोंदीत भरली जाते. ती पाहण्यास बातमीदाराला एखादी दुपार पुरेल.

आणि दोष केवळ वृत्तपत्रांचा कसा म्हणावा? मंडळाने गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षे लोटली. आपण मात्र ती मनातून पुसलेली नाही. धर्मग्रामाच्या शाळेच्या फाटकावर लागणारा अभिनंदनाचा फलक आपणच वाचतो, त्यावरील आकड्याने आपणच सुखावतो. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ज्यांनी बालपणापासून ऐकली, त्यांनी तरी नव्याण्णवांच्या आकड्यावर समाधान मानू नये. पालकसभेत ‘निकाल किती लागला?’ या प्रश्नाआधी ‘नववीतून गेलेली मुले कुठे आहेत?’ हा प्रश्न कोणीतरी उठून विचारावा. तो विचारला जाऊ लागला, तर उद्या वृत्तपत्रांनाही विचारावा लागेल.