पायथन ३.० : ग्राह्य आणि त्याज्य

३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.० या आवृत्तीवर बहुधा एकच आक्षेप घेतला जातो : जुन्या कोडशी विसंगत असे फार बदल एकाच वेळी करण्यात आले. हा आक्षेप बदलांच्या संख्येवर आहे. त्यांच्या जातीचा विचार त्यात नाही.

‘प्रिंट’ हे पूर्वीचे विधान या आवृत्तीत फंक्शन झाले व त्यावर बराच कोलाहल माजला. वस्तुतः तो बदल यांत्रिक होता. ‘२टू३’ हे रूपांतराचे साधन तो आपोआप करून देई. खरी किंमत पडली ती स्ट्रिंगच्या नव्या व्याख्येची. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग. यूटीएफ-८ संकेतनात ‘मराठी’ या शब्दाची लांबी तेथे १५ भरे. पायथन ३ मध्ये ती ५ भरते. (वाचकास अक्षरे तीनच दिसतात, काना व वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात, हा प्रश्न निराळा.) इंग्रजी मजकुरात बाइट आणि वर्ण यांची संख्या सारखीच येत असल्यामुळे हा गोंधळ दीर्घकाळ झाकलेला राहिला, देवनागरीत तो पहिल्याच ओळीत उघडा पडे. असा दोष गौण आवृत्तीत दुरुस्त होण्याजोगा नव्हता. कोणतेही साधनही तो पूर्णतः दूर करू शकले नसते. कारण अमुक मूल्य मजकूर आहे की कच्ची सामग्री, हे जुन्या कोडमध्ये सहसा नमूदच नसे.

जेथे ते नमूद असे, नेमकी तेथेच कर्त्यांची चूक झाली. अवतरणचिन्हापूर्वी ‘यू’ लिहून लेखक ‘हा मजकूर आहे’ असे सांगत असे. नव्या आवृत्तीत प्रत्येक साधी स्ट्रिंग मजकूरच. म्हणून ही खूण निरर्थक ठरवून काढून टाकण्यात आली. तर्क निर्दोष, व्यवहार मात्र उलटा. दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच कोड लिहू पाहणाऱ्यांना त्याच खुणेची गरज होती, आणि ती ठेवल्याने नव्या व्याख्येला यत्किंचितही बाध येत नव्हता. २०१२ साली ३.३ मध्ये ती परत आणावी लागली. बाइटांच्या मालिकेत टक्केचिन्हाने मूल्ये भरण्याची सोयही २०१५ साली ३.५ मध्ये परतली. काय बदलायचे नाही, याचे स्वतंत्र टिपण कर्त्यांनी ३.० पूर्वीच लिहिले होते; ही दोन कलमे त्यात असती, तर निदान काहींचे स्थलांतर लवकर झाले असते. प्रत्यक्षात २.७ च्या पाठिंब्याची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढवावी लागली, आणि त्या मालिकेतील अखेरची २.७.१८ ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली.