मद्यविषयक समजुतींच्या प्रश्नावल्या : सप्रमाणतेचा प्रश्न

मद्यपानाचे वर्तन केवळ मद्यावर नव्हे, तर मद्याविषयीच्या समजुतीवरही अवलंबून असते. १९७३ साली मार्लॅट, डेमिंग व रीड यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात, पेयात व्होडका आहे असे ज्यांना सांगण्यात आले ते, ती प्रत्यक्षात असो वा नसो, अधिक प्याले. अशा समजुती मोजण्यासाठी ब्राउन, गोल्डमन प्रभृतींनी १९८० मध्ये नव्वद विधानांची प्रश्नावली सिद्ध केली व घटक-विश्लेषणाने सहा अपेक्षा निश्चित केल्या. ताण हलका होणे, चारचौघांत धीटपणा येणे या त्यांपैकी होत.

उत्तरे मद्यपानाच्या प्रमाणाशी जुळतात, एवढ्यावरून प्रश्नावली सप्रमाण ठरते काय? समजुतीमुळे माणूस पितो, की पिणारा आपल्या पिण्याचे समर्थन समजुतीच्या रूपाने मांडतो, हा प्रश्न उरतोच. किशोरांच्या उत्तरांवरून वर्षभरानंतरच्या मद्यपानाचे भाकीत करता येते, असे क्रिस्चनसेन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविल्याने या आक्षेपाची धार बोथट झाली. तथापि भाकीत खरे ठरणे आणि जे मोजावयाचे तेच मोजले जाणे, या भिन्न गोष्टी होत.

खरी अडचण वाक्यरचनेत आहे. ‘मला धीर येतो’, ‘माणसाला धीर येतो’ आणि ‘धीर येऊ शकतो’ ही तीन विधाने एक नव्हेत. पहिले स्वानुभव सांगते, दुसरे लोकसमज, तिसरे केवळ शक्यता. तिसऱ्यास कधीही न पिणाराही होकार देईल. मूळ इंग्रजी प्रश्नावलीत असे प्रकार एकत्र आले असून उत्तर मात्र होकार वा नकार एवढेच. फ्रॉम, स्ट्रूट व कॅप्लन यांच्या १९९३ च्या प्रश्नावलीत होकाराच्या पायऱ्या आल्या आणि परिणाम इष्ट की अनिष्ट, हेही स्वतंत्रपणे विचारले गेले. ही सुधारणा मोलाची आहे. कारण तोच धीटपणा एकास हवासा, तर दुसऱ्यास लाजिरवाणा वाटतो.

मराठी भाषांतरात प्रश्न अधिकच बिकट होतो. ‘मद्य’ हा शब्द पुस्तकी, ‘दारू’ या शब्दाला निंदेची छटा, आणि नुसते ‘घेणे’ म्हटले की तीच गोष्ट सभ्य होते. म्हणून आकडेमोडीपूर्वी उत्तरदात्याने विधानाचा कोणता अर्थ घेतला, हे त्याच्याच शब्दांत जाणून घेणे अवश्य आहे. ही तपासणी टाळल्यास शब्दयोजनेमुळे पडलेला फरक समजुतीतील फरक म्हणून नोंदला जाईल, आणि उपचाराची दिशाही त्यावरूनच ठरविली जाईल.