कीड राज्याची, विष संघाचे

संघराज्यातील विधिमंडळांचा विचार बहुधा अधिकारसूचींच्या वाचनापाशीच थांबतो. त्या सूचींची खरी परीक्षा मात्र शेतात होते. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. या मृत्यूंचा जाब कोणत्या सभागृहात विचारावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्यसूचीतील विषय असून किडींपासून संरक्षणाचा उल्लेखही त्याच नोंदीत आहे. विषे मात्र समवर्ती सूचीत येतात. केरळात १९५८ साली कीटकनाशक मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली; पुढे १९६८ मध्ये संसदेने कीटकनाशके अधिनियम संमत केला. एका राज्याच्या अनुभवातून साऱ्या देशाला कायद्याचे संरक्षण मिळावे, हे संघराज्याचे बलस्थानच होय.

परंतु त्या कायद्याने केलेली कामाची वाटणी सदोष आहे. कोणते कीटकनाशक देशात विकावे हे केंद्राची नोंदणी समिती ठरविते. दुकानांना परवाने देणे व मालाची तपासणी करणे ही कामे मुख्यत्वे राज्याच्या अधिकाऱ्यांकडे आहेत. एखादे द्रव्य घातक वाटल्यास कलम २७ अन्वये राज्य शासन चौकशीपुरती साठ दिवस, व ती अपुरी राहिल्यास आणखी तीस दिवस, विक्री रोखू शकते. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार केंद्राचा. कपाशी पाच-सहा महिने शेतात उभी असते. राज्याच्या हातातील नव्वद दिवस एका हंगामालाही पुरत नाहीत. परिणामी विधानसभेत प्रश्न आल्यास नोंदणीकडे बोट दाखविता येते, लोकसभेत आल्यास अंमलबजावणीकडे. दोन्ही उत्तरे नियमास धरून असतात, आणि म्हणूनच उत्तरदायी कोणीच ठरत नाही.

तथापि सारा दोष केंद्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. समवर्ती विषयावरील राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी विसंगत असला, तरी राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास तो त्या राज्यात लागू राहतो, अशी तरतूद अनुच्छेद २५४ मध्ये आहे. कच्चा कापूसही १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. तरीही पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र विधिमंडळाने १९७१ मध्ये कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला. ती योजना पुढे तोट्यात जाऊन मोडली, हा भाग निराळा. विधिमंडळाने पुढाकार घेतला होता, हे नाकारता येत नाही. कीटकनाशकांच्या बाबतीत तसा पुढाकार दिसत नाही. २०२३ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाचा रोख मुख्यतः बनावट व निकृष्ट मालावर होता. नोंदणी असलेल्या अस्सल विषाचे काय, हा यवतमाळचा प्रश्न त्याने सुटण्यासारखा नव्हता.

राज्याने तात्पुरती बंदी घातल्यावर चौकशीचा अहवाल विधिमंडळापुढे आणि त्यावरील केंद्राचा सकारण निर्णय संसदेपुढे ठराविक मुदतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक व्हावे. त्यासाठी सूचींत फेरफार करण्याची गरज नाही. साधी दुरुस्ती पुरेशी आहे. ती होईपर्यंत फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला दोन विधिमंडळे असूनही दाद मागण्यास एकही नाही, असेच म्हणावे लागेल.